आधी मुलांची उंची मोजा, मग तिकिटं काढा: पहिल्या परदेश सहलीसाठी सिंगापूर

शाळकरी मुलं, पहिलाच परदेश प्रवास आणि हातात पाच रात्री, अशी अट असेल तर सिंगापूरला पर्याय शोधत बसू नये. मुंबईहून थेट विमानाने साधारण साडेपाच तास लागतात आणि घड्याळात फरक फक्त अडीच तासांचा. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, रात्री दहालाही मुलांना घेऊन निर्धास्त चालता येतं, आणि डोसा-इडली मिळणारा लिटल इंडिया हा अख्खा एक भाग शहराच्या मधोमध आहे. पाहुण्यांना मिळणारी सेवा पहिल्या दर्जाची आहे. तरीही इथून दमून, कुरकुरत आणि ठरवल्यापेक्षा बराच जास्त खर्च करून परतणारी कुटुंबं कमी नाहीत. त्यात शहराचा दोष नसतो, आखणीचा असतो. यादी मोठ्यांच्या हौसेने बनते आणि मुलांच्या शरीराला त्या यादीत जागाच नसते. मुलाची उंची किती, झोपायची वेळ कोणती आणि दमट उन्हात ते किती तास टिकतं, यावर सिंगापुरातला प्रत्येक दिवस ठरतो. त्या नजरेने इथल्या एकेका सेवेकडे पाहूया.

मोजपट्टी

तिकिटं काढण्यापूर्वी मुलाला भिंतीला टेकवून उभं करा आणि उंचीचा आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. सिंगापुरात हा आकडा वयापेक्षा जास्त वेळा लागतो.

युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कमध्ये ट्रान्सफॉर्मर्सच्या राइडला किमान १०२ सेंटिमीटर लागतात, ज्युरासिक पार्कच्या पाण्यातल्या राइडला १०७, ममीच्या अंधाऱ्या कोस्टरला १२२ आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या दोन मोठ्या कोस्टरना १२५. दुसरी-तिसरीतली बरीच मुलं नेमकी १२० ते १२५ च्या आसपास असतात. म्हणजे चार-पाच महिने जाहिरातीत पाहिलेल्या कोस्टरच्या दारात दोन सेंटिमीटरसाठी परत पाठवलं जाण्याची शक्यता याच वयात सगळ्यात जास्त. दारावरचे कर्मचारी गोड बोलतात, पण पट्टीच्या खाली असलेल्या मुलाला सोडत नाहीत, आणि तेच बरोबर आहे, कारण सुरक्षेचा दांडा त्या मापानेच बसवलेला असतो. घरीच सांगून ठेवलं की मूल ते सहज स्वीकारतं. दारात कळलं तर पुढचा तास रडण्यात जातो. दोन मुलांपैकी एकच बसू शकत असेल तर आईवडिलांनी आलटूनपालटून बसायची सोय आहे, ती दारावर विचारून घ्या. दोनदा रांग लावावी लागत नाही.

सेंटोसा बेटावरच्या ल्यूजवर, म्हणजे उतारावरून घसरत जाणाऱ्या छोट्या गाडीवर, एकट्याने बसायला ११० सेंटिमीटर लागतात. त्याहून लहान मूल मोठ्यांसोबत बसतं.

उंचीचा सगळ्यात दुर्लक्षित नियम मात्र रस्त्यावरचा आहे. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला खासगी गाडीत योग्य बूस्टर किंवा चाइल्ड सीट लागते, असा तिथला कायदा आहे. रस्त्यावर हात दाखवून थांबवायच्या टॅक्सीला यातून सूट आहे, ॲपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही. त्यामुळे ॲपवर सगळ्यात स्वस्त दिसणारी गाडी येते, चालक मुलांकडे पाहतो आणि नेत नाही. आठ-नऊ वर्षांची बहुतेक मुलं १.३५ च्या खालीच असतात. मुलांसोबत असाल तर ॲपमध्ये टॅक्सीचा किंवा चाइल्ड सीट असलेल्या गाडीचा पर्याय निवडा. सीट असलेल्या गाडीला थोडे जास्त पैसे पडतात आणि वाटही पाहावी लागते. पाचवं माणूस सोबत असेल, आजी किंवा आजोबा, तर साध्या टॅक्सीत मावणार नाही. सहा आसनी गाडीच मागवावी लागेल.

कागदपत्रं

मुलाच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांची किंवा १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल ती. सिंगापूरला प्रवेशाच्या वेळी पासपोर्ट किमान सहा महिने चालू असावा लागतो. म्हणजे पाच वर्षांचा पासपोर्ट प्रत्यक्षात साडेचार वर्षंच कामाचा. बालवाडीत असताना काढून ठेवलेला पासपोर्ट चौथीत बिनकामाचा निघतो आणि हे बहुतेकांना विमानाचं तिकीट काढताना कळतं. नव्या अर्जाची फी एक हजार रुपये आणि तत्काळ हवा असेल तर वर दोन हजार. दोन्ही पालकांच्या सहीचं ॲनेक्शर डी नावाचं घोषणापत्र लागतं. एक पालक परगावी किंवा परदेशी असल्यामुळे सही मिळणार नसेल तर ॲनेक्शर सी. मुलाला घेऊन पासपोर्ट केंद्रावर जायचं, फोटो तिथेच काढतात. मे महिन्यात निघायचं असेल तर हे काम जानेवारी-फेब्रुवारीत उरका. परीक्षा संपल्यावर केंद्रांवर सगळा महाराष्ट्र येतो.

अडचण येते ती नावात. आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत आहे, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी असतं, आधारवर कधी मधलं नाव असतं तर कधी नसतं. पासपोर्टच्या अर्जात वडिलांचं नाव मुलाच्या नावासोबत पहिल्या रकान्यात लिहिलं गेलं तर ते त्याच्या नावाचाच भाग होतं. मग विमानाच्या तिकिटावर, व्हिसाच्या अर्जावर, सगळीकडे तसंच लिहावं लागतं. घरातल्या दोन भावंडांपैकी एकाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे आणि दुसऱ्याच्या नाही, असंही होतं. तिकीट काढताना आठवणीने लिहू नका, पासपोर्ट समोर उघडा ठेवून अक्षर न् अक्षर उतरवा. आईचा पासपोर्ट लग्नाआधीच्या आडनावाचा असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती सोबत ठेवा. मूल एकाच पालकासोबत निघणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही.

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो, मुलांचाही वेगळा. अर्ज अधिकृत एजंटामार्फत जातो. सरकारी शुल्क प्रत्येकी ३० सिंगापूर डॉलर, नाकारला तरी परत मिळत नाही, त्यावर एजंटाचे पैसे वेगळे. इथे एक सिंगापूर डॉलर म्हणजे सत्तर रुपयांच्या आसपास धरा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चकचकीत नसलेला आणि अलीकडचा. मुलांचे चेहरे वर्षभरात बदलतात, त्यामुळे शाळेच्या ओळखपत्रासाठी काढलेला मागच्या वर्षीचा फोटो लावू नका. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारी तिकिटं घेण्याची घाई करू नये.

दुसरा कागद म्हणजे एसजी अरायव्हल कार्ड. पोहोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत सिंगापूरच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर भरायचं, प्रत्येक मुलाचं वेगळं, आणि ते पूर्णपणे मोफत आहे. शोधताना पैसे मागणारी सारख्या दिसणाऱ्या नावांची संकेतस्थळं वर येतात, तिथे कार्डाचा नंबर टाकू नका. फॉर्ममधला ईमेल पत्ता नीट भरा, कारण पासपोर्टवर शिक्का बसत नाही. राहायची परवानगी ईमेलवर येते. इमिग्रेशनच्या स्वयंचलित गेटमधून सहा वर्षांवरची मुलं एकेकटी जाऊ शकतात. पासपोर्ट ठेवायचा, पुढे जायचं, कॅमेऱ्याकडे पाहायचं, हे विमानात एकदा समजावून सांगितलं तर मुलांना ते फार आवडतं. सहाच्या आतलं भावंड असेल तर एका पालकाने त्याला घेऊन साध्या काउंटरवर जावं.

विमान आणि घड्याळ

रात्रीचं विमान घेतलं की एक दिवस वाचतो, असं सगळे सांगतात. मुलांसोबत तो वाचत नाही. मुंबईहून मध्यरात्रीच्या आसपास निघणारं विमान सकाळी सिंगापूरला टेकतं. त्यात जेवण, दिवे, घोषणा वगळता झोप तीन-साडेतीन तासांची. हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन-तीनला. मधले सहा-सात तास पेंगुळलेल्या मुलांना घेऊन हिंडायचे. दिवसाचं विमान असेल तर तेच घ्या, रजा अर्धा दिवस जास्त गेली तरी चालेल. रात्रीचंच घ्यावं लागलं तर त्या दिवसासाठी एकही तिकीट काढू नका. सामान हॉटेलात ठेवायला देतात. मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या बॅगेत वरच ठेवले असतील तर हॉटेलचा तलाव, खोली मिळाल्यावर झोप आणि संध्याकाळी लिटल इंडियात जेवण, एवढा दिवस पुरतो.

अडीच तासांचा फरक लहान वाटतो, पण त्याचा उपयोग करून घेता येतो. तिथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा मुलांच्या शरीरात साडेसहा वाजलेले असतात. तिथले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे साडेपाच. म्हणून पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळ आणि रात्र मुलं ताजीतवानी असतात आणि सकाळी उठता उठत नाहीत. रात्रीची ठिकाणं सुरुवातीला ठेवा, सकाळी लवकरची शेवटी. बहुतेक तयार कार्यक्रमांत नेमकं उलट असतं.

चांगी विमानतळाबद्दल जे चांगलं ऐकलं असेल ते खरं आहे. २०१९ मध्ये उघडलेल्या ज्युएल इमारतीतला धबधबा ४० मीटर उंच आहे आणि तो पाहायला पैसे पडत नाहीत. फक्त ज्युएल इमिग्रेशनच्या बाहेर आहे, म्हणजे परतताना एकदा आत गेलात की ते पाहता येणार नाही, हे लक्षात ठेवा.

बॅग भरतानाच्या गोष्टी पटकन सांगते. सुकं खोबरं विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि मोठ्या बॅगेतही, कारण तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. लोणचं, तूप, ओली चटणी मोठ्या बॅगेत. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत. सिंगापुरात च्युइंगगम आणि ई-सिगारेट नेऊ नका, गुटखा आणि तंबाखूची पुडीही नाही. आजोबांच्या खिशातली पुडी मुंबईतच काढून ठेवायला सांगा. झोपेच्या गोळ्या आणि कोडीनचं खोकल्याचं औषध यांसाठी तिथल्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागू शकते; मुलांची नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ पाकिटात न्या. प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, आपला गोल पिनांचा त्यात बसत नाही. दोन ॲडॅप्टर आणि एक मल्टिप्लग नेला की चौघांचं भागतं.

मेट्रो

या शहरातली सगळ्यात उत्तम सेवा कोणती विचाराल तर मेट्रो. साधारण साडेपाच ते मध्यरात्र, स्वच्छ, थंड आणि वेळेवर. एका फेरीचं भाडं अंतरानुसार सव्वा ते अडीच डॉलर. वेगळं तिकीट काढायची गरज नाही. वीसा किंवा मास्टरकार्डचं स्पर्शाने चालणारं बँक कार्ड गेटवर टेकवलं की झालं. मात्र परदेशी कार्डावर, ज्या दिवशी वापराल त्या दिवसाचे ६० सेंट जास्त लागतात, शिवाय आपली बँक परकीय चलनाचा आकार लावते. एका कार्डावर एकच माणूस जातो, त्यामुळे चौघांना चार कार्डं हवीत. दोन मुलांसाठी स्टेशनवर ईझी-लिंक हे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड घेणं सोपं. त्यातले कार्डाचे पाच डॉलर परत मिळत नाहीत. ९० सेंटिमीटरखालचं मूल मोठ्यांसोबत फुकट जातं. सात वर्षांखालच्या उंच मुलासाठी पासपोर्ट दाखवून सवलतीचं कार्ड काढता येतं. सात पूर्ण झाली की पर्यटकाच्या मुलाला मोठ्यांचंच भाडं.

इथे हमखास होणाऱ्या दोन चुका. आत जाताना प्लास्टिकचं कार्ड टेकवलं आणि बाहेर पडताना तेच कार्ड जोडलेला फोन, तर यंत्रणा ते दोन वेगळे प्रवासी समजते आणि दोन्हींवर अर्धवट प्रवासाचे पैसे कापते. दुसरी चूक घरीच झालेली असते. आपल्या बँका परदेशी व्यवहार आणि स्पर्श-पेमेंट ग्राहकाने सुरू करेपर्यंत बंद ठेवतात. बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही बटणं निघण्यापूर्वी सुरू करा, कारण तिथे पोहोचल्यावर ओटीपीसाठी भारतातलं सिम चालू असेलच असं नाही. दुकानात मशीनने रुपयांत पैसे घेऊ का विचारलं तर नको म्हणा आणि सिंगापूर डॉलर निवडा; रुपयांचा दर नेहमी महाग असतो.

मेट्रोत खाणं-पिणं मना आहे, दंड ५०० डॉलरपर्यंत. पाण्याचा घोटसुद्धा यात येतो. मुलांना फलाटावर उतरण्यापूर्वीच पाणी पाजा.

तिकिटाची ठिकाणं, आणि ती किती घ्यावीत

माझा नियम कडक आहे. दिवसाला पैशांचं ठिकाण एकच. पाच दिवसांत चार तिकिटं पुरेत. बाकी शहर फुकट आहे आणि ते फुकटचं शहर मुलांना तितकंच आवडतं.

मंडाई हा पूर्ण पैसे वसूल करून देणारा भाग. १९७३ साली उघडलेलं प्राणिसंग्रहालय, १९९४ ची नाइट सफारी, पांडा असलेलं रिव्हर वंडर्स आणि २०२३ मध्ये सुरू झालेलं बर्ड पॅरडाइज इथे शेजारी शेजारी आहेत. अनेक पार्कांचं एकत्र तिकीट स्वस्त दिसतं आणि तिथेच कुटुंबं फसतात. सकाळी प्राणिसंग्रहालय, दुपारी पांडा, रात्री सफारी असा चौदा तासांचा दिवस कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात दुपारी तीनला मूल खांद्यावर असतं. शाळकरी मुलांसाठी प्राणिसंग्रहालय आणि नाइट सफारी ही दोन निवडा आणि वेगवेगळ्या दिवशी ठेवा. प्राणिसंग्रहालय साडेआठला उघडतं. सकाळी हवा बरी असते आणि प्राणीही हिंडतात, म्हणून हे सहलीच्या शेवटच्या दिवसांत. नाइट सफारी पहिल्या-दुसऱ्या दिवशी. ती संध्याकाळी सव्वासातला सुरू होते, म्हणजे मुलांच्या घड्याळात पावणेपाचला.

सफारीला प्रवेशाची वेळ तिकिटावर ठरलेली असते. पहिली वेळ घ्या. दार उघडलं की सगळी गर्दी ट्रामच्या रांगेकडे धावते. त्या वेळी तुम्ही पायवाटेने बिबट्या आणि मासेमारी मांजराचा भाग पाहून घ्या, ट्रामला नंतर जा. साधारण चाळीस मिनिटांची ती फेरी आहे. कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि मुलांच्या बुटांचे चमकणारे दिवे बंद. डासांचं मलम लावा. मंडाईला जाताना खातिब मेट्रो स्टेशनवरून सुटणारी शटल बस सोयीची, येताना टॅक्सीसाठी पैसे राखून ठेवा, कारण रात्री दहानंतर दोन वाहनं बदलायची ताकद मुलांत उरत नाही.

युनिव्हर्सल स्टुडिओज महाग आहे. चौघांना मिळून तीनशे डॉलरच्या आसपास, म्हणजे वीस हजार रुपयांहून जास्त. मुलांचं तिकीट चार ते बारा वर्षांसाठी. तेरा पूर्ण झाली की मोठ्यांचं. घरातलं सगळ्यात लहान मूल १०२ सेंटिमीटरच्या वर असेल तरच हा खर्च करावा असं माझं स्पष्ट मत. त्याखाली असेल तर निम्मं पार्क फक्त बघायचं. रांग न लावण्याचं एक्स्प्रेस तिकीट मंगळवार-बुधवारी नको. शनिवार, रविवार किंवा जूनमध्ये जाणार असाल तर विचार करा. दार उघडण्यापूर्वी अर्धा तास पोहोचा आणि ज्या राइडची मुलांना सगळ्यात ओढ आहे तिथे आधी जा. विजांचा इशारा आला की उघड्यावरच्या राइड थांबतात. तो पाऊस बहुधा दुपारचा असतो, म्हणून मैदानातलं सकाळी आणि छताखालचं दुपारी.

सेंटोसा बेटावर जाण्यासाठी हार्बरफ्रंट स्टेशनवर उतरून विवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्स्प्रेस पकडायची. आत जायला माणशी चार डॉलर, परत येताना काही नाही. चालत जायचा पूलही आहे. बेटावरच्या बस फुकट, पलावान आणि सिलोसोचे किनारे फुकट. गोव्याचा समुद्र पाहिलेल्या मुलांना तिथली वाळू लहान वाटेल, पण पाणी शांत असतं.

गार्डन्स बाय द बे हे इथलं माझ्या मते सगळ्यात हुशारीने बांधलेलं ठिकाण. काचेचे दोन मोठे घुमट, फ्लॉवर डोम आणि क्लाउड फॉरेस्ट, यांना तिकीट आहे आणि आत गारवा आहे. म्हणून ते दुपारी. चारच्या सुमारास आत शिरा. क्लाउड फॉरेस्टमध्ये ३५ मीटरचा धबधबा आहे, तिथे मुलं खूप वेळ रमतात, आधी तेच करा. सातला बाहेर पडून सुपरट्री या झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांखाली जागा धरा. पावणेआठला आणि पावणेनऊला दिव्यांचा आणि संगीताचा फुकट कार्यक्रम असतो. पाठीवर झोपून पाहायचा, म्हणून एक चादर न्या. तो संपला की मरिना बेच्या काठावर चालत जा, तिथे नऊला पाण्यावरचा प्रकाशखेळ, तोही फुकट. याच बागेत मुलांसाठी पाण्याचे फवारे असलेलं उद्यान आहे, सोमवारी बंद. कोरडे कपडे सोबत हवेत, कारण भिजल्यावर मेट्रोच्या गारव्यात मुलं कुडकुडतात.

सीमेपलीकडे मलेशियात जोहोरला लेगोलँड हे थीम पार्क आहे आणि एजंट ते हमखास सुचवतात. पहिल्या सहलीत नको. जाताना दोन इमिग्रेशन, येताना दोन, पुलावरची गर्दी, आणि परत शिरायला सिंगापूरचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या किंवा एजंटाने दिलेल्या कार्यक्रमाची परीक्षा घेण्याची एक सोपी खूण आहे. त्यात जुरोंग बर्ड पार्क असेल तर ते जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं. सेंटोसावरचा उंच मरलायन, म्हणजे सिंहाचं डोकं आणि माशाचं धड असलेला पुतळा, २०१९ मध्ये बंद करून पाडला, तिथलं अंडरवॉटर वर्ल्ड २०१६ मध्येच बंद झालं. शहरातला, पाणी सोडणारा मरलायन जागेवर आहे. एसईए ॲक्वेरियम २०२५ पासून मोठं होऊन सिंगापूर ओशनेरियम या नावाने चालतं. ज्या कागदावर ही जुनी नावं आहेत, त्यावरच्या वेळा आणि किमतीही तितक्याच जुन्या समजा.

जेवण

शाकाहारी कुटुंबाने घाबरू नये, पण "व्हेजिटेरियन" एवढ्या पाटीवर विसंबूही नये. चिनी पद्धतीच्या शाकाहारी दुकानात सोयाचं नकली मांस असतं, दिसायला अगदी खरं, आणि मुलं बिचकतात. साध्या भाजीच्या नूडल्समध्ये ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, किंवा सुक्या कोळंबीचा मसाला असू शकतो. "मांस नको" म्हणून भागत नाही. मासे, कोळंबी, अंडं एकेक नाव घेऊन विचारा. सगळ्यात सोपं लिटल इंडिया. मेट्रो स्टेशनच्या बाहेरच टेक्का सेंटर हा बाजार आणि खाण्याच्या दुकानांचा भाग आहे. सेरंगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास आणि त्याहून जुनं आनंद भवन, दोन्ही शुद्ध शाकाहारी. डोशाची चव तमिळ वळणाची, सांबार तिखट. लहान मुलांना दहीभात किंवा साधी इडली.

हॉकर सेंटर म्हणजे एका छताखाली अनेक छोटी दुकानं. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला आपल्या यादीत घेतलं. मांसाहारी कुटुंबाने चिकन राइस इथेच खावा: कमी तिखट आणि स्वस्त, मुलांना लगेच आवडतो. टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं असेल तर ती जागा कुणीतरी धरली आहे. जेवून झाल्यावर ट्रे ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचाच, न ठेवल्यास दंड होऊ शकतो. थोडी रोकड जवळ ठेवा. उपाहारगृहात मेन्यूवरच्या आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं असतील तर १० टक्के सेवा आकार आणि ९ टक्के जीएसटी त्यावर पडणार. वीस डॉलरची थाळी चोवीसला जाते. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, प्रत्येकाची बाटली नळावर भरा. रोजचे आठ-दहा डॉलर तिथेच वाचतात.

राहायचं कुठे, जायचं कधी

लिटल इंडिया, फेरर पार्क, लॅव्हेंडर, बुगिस यांपैकी कुठेही, पण मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांच्या आत. त्यासाठी रात्रीला हजारभर रुपये जास्त गेले तरी द्या. खोल्या लहान असतात. दोन मोठे आणि दोन मुलं यांना एका खोलीत बरीच हॉटेलं घेत नाहीत. बुकिंग करताना मुलांची खरी वयं टाका, नाहीतर काउंटरवर दुसरी खोली घ्यावी लागते. घर भाड्याने घेऊन राहू, हा विचार सोडा. तिथे खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देणं बेकायदेशीर आहे आणि स्वस्तात दिसणारी तशी जाहिरात अडचणीत आणते.

आपल्या उन्हाळी सुट्टीत जायचं तर एप्रिलचा शेवट किंवा मेचे पहिले तीन आठवडे निवडा. मेच्या अखेरीपासून जून संपेपर्यंत तिथल्या शाळांना सुट्टी असते आणि प्रत्येक रांग दुप्पट होते. दिवाळीची सुट्टीही चांगली: लिटल इंडियाचे रस्ते दिव्यांनी सजवलेले असतात. फक्त नोव्हेंबरपासून पाऊस वाढतो, जानेवारीपर्यंत टिकतो. छत्र्या न्याव्या लागतील.

टूर कंपनीसोबत जावं का? आजी-आजोबा सोबत असतील, इंग्रजीची धास्ती असेल आणि जेवणाची कडक पथ्यं असतील तर जरूर. मराठी बोलणारा व्यवस्थापक आणि रोजचं वरणभाताचं जेवण यांचं मोल कमी नाही. पण सकाळी आठला बस सुटणार, म्हणजे मुलांच्या साडेपाचला, आणि पाच दिवसांत आठ ठिकाणं होणार, हे मान्य करून जा. सात दिवसांत तीन देश असलेली पॅकेजेस शाळकरी मुलांसाठी घेऊच नयेत. अर्धी सहल विमानतळांवर जाते. कंपनीला आधी विचारा: मोकळ्या संध्याकाळी किती, कोणत्या तिकिटांचे पैसे धरलेले नाहीत, आणि मूल बिछान्यासह की बिछान्याविना धरलं आहे. परदेशी पॅकेजवर टीसीएसही, म्हणजे पॅकेज विकतानाच वसूल होणारा आगाऊ आयकर, घेतला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पांत बदलत आला आहे, म्हणून चालू दर पाहून घ्या. ही रक्कम ज्याचा पॅन दिला त्याच्या खात्यावर जमा होते आणि विवरणपत्र भरताना वळती होते. ज्याला आयकर भरावा लागतो त्याचाच पॅन द्या. निवृत्त वडिलांचा दिला तर परताव्यासाठी थांबावं लागतं.

परतीच्या दिवशी विमानाच्या चार तास आधी चांगीला पोहोचा. एकाच दुकानात १०० डॉलरच्या वर खरेदी झाली असेल आणि खरेदीच्या वेळी पासपोर्ट दाखवला असेल तर जीएसटी परत मिळू शकतो. ती वस्तू मोठ्या बॅगेत जाणार असेल तर बॅग देण्यापूर्वीच्या मशीनवर अर्ज करायचा, कारण वस्तू तपासायला मागू शकतात. बॅग पट्ट्यावर गेल्यावर आठवलं तर ती संधी गेली. बॅगा लवकर घेत असतील तर देऊन टाका आणि उरलेला वेळ ज्युएलमध्ये घालवा, पण आत जाण्याची वेळ ठरवून फोनवर गजर लावून ठेवा. चांगीत नावं पुकारत शोधत कुणी येईल या भरवशावर राहू नका.